स्कुबा डायव्हिंग शिकताना नक्की काय होतं? रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर आणि अंदमानातले माझे चार दिवस

मी पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. काकांनी काठावरून ढकलायच्या आधी एकच सूचना दिली होती: "श्वास दाबून धर." पंधरा-सोळा वर्षांनी अंदमानच्या हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून अधिकृत नाव स्वराज द्वीप) स्कुबाचा कोर्स सुरू झाला, तेव्हा इन्स्ट्रक्टरने फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं ते बरोबर उलटं: श्वास कधीही रोखायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

या लेखात स्कुबाची उपकरणं कशी चालतात, कोर्समध्ये काय शिकवतात आणि मनगटावरचा तो छोटा कॉम्प्युटर नेमकं काय मोजतो, हे बघू. मी काही व्यावसायिक डायव्हर नाही. बॅकएंड डेव्हलपर आहे आणि सुट्टीत शिकायला गेलो होतो. त्यामुळे कोर्सच्या जागी हा लेख वाचून कुणी पाण्यात उतरू नये.

"ट्राय डाइव्ह" आणि कोर्स यात फरक काय?

तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात आपण जे "स्कुबा केलं" म्हणतो, ते बहुतेक वेळा ट्राय डाइव्ह असतं. अर्ध्या तासाची तोंडओळख होते, मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला पाठीमागून धरून फिरवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. मजा येते, पण गाडी तोच चालवत असतो. ओपन वॉटर कोर्समध्ये स्टिअरिंग तुमच्या हातात येतं. पॅडी किंवा एसएसआयसारख्या संस्थांचा हा कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो: थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. पास झालात की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरायची परवानगी मिळते. पोहण्याची परीक्षा फार कठीण नाही. २०० मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं तरंगून दाखवायचं.

त्याआधी आरोग्याचा एक फॉर्म भरावा लागतो. तो मी सॉफ्टवेअरच्या "आय अ‍ॅग्री" सारखा भराभर भरला. ते चुकीचं होतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

दाबाचं गणित

स्कुबाचं सगळं शास्त्र एका ओळीत मावतं: समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, अठरा मीटरवर २.८. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत घोकला आहे. दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं.

आता हे उलटं वाचा. दहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला, तो रोखला आणि वर आलो, तर फुफ्फुसातली तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस दुप्पट होत नाही, ते फाटतं. विहिरीत हा धोका नव्हता, कारण तिथे आपण वरूनच हवा भरून नेतो. खाली ती आकसते आणि वर आल्यावर मूळ आकाराला येते. स्कुबात आपण खालच्या दाबाची हवा खालीच भरून घेतो. सगळा फरक एवढाच, आणि म्हणून काकांचा सल्ला तिथे जीवघेणा ठरला असता.

मला अनपेक्षित वाटलेली गोष्ट म्हणजे सगळ्यात धोकादायक पट्टा वरचा आहे. १८ वरून ८ मीटरवर आलो तर हवा साधारण दीडपट फुगते, १० वरून शून्यावर आलो तर दुप्पट. तेच दहा मीटर, पण परिणाम जास्त.

कानाचंही तेच. घाट चढताना कानाला दडे बसतात ना? समुद्रसपाटीपासून महाबळेश्वरपर्यंत हवेचा दाब जेवढा बदलतो, जवळपास तेवढा पाण्यात दीड मीटर खाली गेलं की बदलतो. आणि हे दीड मीटर काही सेकंदांत पार होतात. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची आणि कानाच्या आत-बाहेरचा दाब सारखा करायचा. दुखायला लागायच्या आधी, दर मीटरला.

रेग्युलेटर: स्कुबाचा खरा शोध

सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. माझ्या आईचाही होता. त्यात आपली साधी, गाळून कोरडी केलेली हवाच असते. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर ११ लिटरचा असतो आणि त्यात २०० बारच्या आसपास दाबाने हवा ठासलेली असते, म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा.

२०० बारची हवा थेट तोंडात घेता येत नाही हे उघड आहे. पण फक्त दाब कमी करूनही भागत नाही, कारण अठरा मीटरवर छातीवर बाहेरून २.८ वातावरणाचा दाब असतो. तिथे पृष्ठभागाच्या दाबाची हवा दिली तर छाती फुलणारच नाही. तुम्ही ज्या खोलीवर आहात बरोबर त्या दाबाची हवा, तुम्ही ओढाल तेव्हाच आणि हवी तेवढीच मिळायला हवी. हे काम रेग्युलेटर करतो, तेही बॅटरी किंवा सर्किट काहीही न वापरता.

त्याचे दोन टप्पे असतात. सिलेंडरच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा २०० बारचा दाब उतरवून आजूबाजूच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त, एवढ्यावर आणतो. तोंडातल्या दुसऱ्या टप्प्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तुमचं तोंड. तुम्ही श्वास ओढला की आतला दाब किंचित कमी होतो, पाणी पडद्याला आत ढकलतं, पडदा एक छोटी तरफ दाबतो, झडप उघडते, हवा येते. ओढणं थांबलं की झडप बंद. समुद्र स्वतःच दाब मोजतो आणि स्वतःच नळ उघडतो. एवढा सोपा आणि भरवशाचा फीडबॅक लूप मी माझ्या नोकरीत तरी अजून लिहिलेला नाही.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे जमवलं. गान्यां वायू पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायला त्याने एक झडप बनवली होती, आणि तीच कल्पना पाण्याखाली गेली.

हवा किती वेळ पुरते?

"एक सिलेंडर किती मिनिटं?" या प्रश्नाला खोली सांगितल्याशिवाय उत्तर नाही. समजा तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेता. दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट घनतेची हवा जाते, म्हणजे ४० लिटरचा खर्च. अठरा मीटरवर ५६. सिलेंडरमधले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे असतात, म्हणून वापरायला उरते सुमारे १,६५० लिटर. दहा मीटरवर ती चाळीसेक मिनिटं पुरते, अठरा मीटरवर तिशीच्या आत संपते.

आणि हे शांत माणसाचं गणित आहे. घाबरलेला माणूस सहज दुप्पट हवा खातो. माझा पहिला डाइव्ह जेमतेम आठ मीटरवर होता आणि पंचवीस मिनिटांत माझा काटा ७० वर आला होता. बरोबरच्या बाईंकडे तेव्हा १२० उरले होते. त्या पन्नाशीच्या होत्या आणि माशांकडे बघत होत्या. मी काट्याकडे.

तरंगणं: उशिरा येणारा फीडबॅक

कोर्समधला सगळ्यात अवघड भाग श्वास घेणं नव्हे, एका जागी स्थिर राहणं आहे. अंगावर हवा भरता येणारं जॅकेट असतं (त्याला बीसीडी म्हणतात), कमरेला शिशाची वजनं असतात, आणि अगदी बारीक फरक फुफ्फुसाने करायचा असतो. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. अडचण अशी की परिणाम दोन-तीन सेकंद उशिरा दिसतो. नवा माणूस खाली जातोय असं वाटून जॅकेटमध्ये हवा भरतो, काही होत नाही म्हणून अजून भरतो, आणि मग एकदम वर सुटतो. वर जाताना दाब कमी झाल्यामुळे जॅकेटमधली हवा फुगते, त्यामुळे तो अजून वेगाने वर जातो. ज्यांनी कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलाय त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल. मी तो पेपर काठावर पास झालो होतो, आणि पाण्यात तेवढंच दिसलं.

हवेलाही वजन असतं. भरलेल्या सिलेंडरमधली हवा अडीच किलोपेक्षा जास्त भरते. डाइव्ह संपत येईल तसे तुम्ही हलके होत जाता, म्हणून वजनं सुरुवातीच्या हिशोबाने लावली तर शेवटी पाच मीटरवर थांबता येत नाही.

मास्क

दुसऱ्या दिवशी सहा मीटरवर मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते काढायचा सराव होता. मास्कची वरची कड दाबायची, नाकाने हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. उथळ पाण्यात मी हे पाच वेळा केलं होतं. खाली डोळ्यांत खारं पाणी गेलं, नाकाने चुकून श्वास ओढला आणि ठसका लागला. पुढचे चार-पाच सेकंद मला फक्त एवढंच आठवतं की वर उजेड होता आणि मला तिथे जायचं होतं. इन्स्ट्रक्टरने माझ्या जॅकेटचा पट्टा आधीच धरून ठेवलेला होता. त्याने मला दाबून धरलं नाही, नुसतं सुटू दिलं नाही. दुसऱ्या हाताने माझा रेग्युलेटर तोंडात घट्ट ठेवला आणि बोटाने बाहेर सोडण्याची खूण केली. श्वास सोड. रेग्युलेटरमधूनच खोकलो (खोकता येतं, तशी सोय आहे), मग पाणी काढलं.

वर आल्यावर तो म्हणाला की प्रत्येक बॅचमध्ये एकजण असतो, म्हणून तो आधीच पट्टा धरतो. सहा मीटरवरून श्वास रोखून सुटलो असतो तर हवा दीडपटीहून जास्त फुगली असती. हे आकडे मला आदल्या दिवशीच पाठ होते. ठसका लागल्यावर त्यांतला एकही डोक्यात नव्हता. पाच मिनिटांनी त्याने तोच सराव पुन्हा करायला लावला, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

डाइव्ह कॉम्प्युटर नक्की काय करतो?

आता माझा आवडता भाग. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि शरीराला त्याचा काही उपयोग नाही. पण दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखा. झाकण हळू उघडलं तर काही नाही, फाडकन उघडलं तर बुडबुडे. डायव्हर वेगाने वर आला तर हेच बुडबुडे सांध्यांत, नसांत, मज्जारज्जूत होऊ शकतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी सहकाऱ्यांबरोबर शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. त्यांची कल्पना अशी: शरीरातल्या सगळ्या ऊती एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, म्हणून शरीराला पाच काल्पनिक कप्प्यांत वाटायचं. प्रत्येक कप्प्याला एक अर्धवेळ द्यायचा, म्हणजे बाहेरचा दाब आणि आतला दाब यांतलं अंतर निम्मं व्हायला लागणारा वेळ. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी हे मॉडेल सोळा कप्प्यांपर्यंत नेलं. आज बाजारात असलेले कितीतरी डाइव्ह कॉम्प्युटर हेच मॉडेल चालवतात.

सूत्र सोपं आहे:

नवा दाब = जुना दाब + (बाहेरचा दाब − जुना दाब) × (१ − २^(−वेळ ÷ अर्धवेळ))

उदाहरण घेऊ. पृष्ठभागावर ऊतींमधला नायट्रोजनचा दाब ढोबळमानाने ०.७९. अठरा मीटरवर श्वासातल्या नायट्रोजनचा दाब २.८ × ०.७९ = २.२१. अंतर १.४२. पाच मिनिटं अर्धवेळ असलेला जलद कप्पा पाच मिनिटांत १.५० वर पोचतो, दहा मिनिटांत १.८६ वर. ऐंशी मिनिटांचा संथ कप्पा मात्र वीस मिनिटांनंतरही जेमतेम १.०२ वर असतो. प्रत्येक कप्प्याला एक कमाल मर्यादा ठरलेली असते. थेट वर आलो तर कुठलाही कप्पा मर्यादा ओलांडणार नाही, असा अजून किती वेळ उरलाय, ते मिनिटांत स्क्रीनवर दिसतं. याला नो-डेको टाइम म्हणतात. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा हे छापील तक्त्यावरून काढायचे. पॅडीच्या तक्त्यात अठरा मीटरला ५६ मिनिटं आहेत, तीस मीटरला फक्त २०.

म्हणजे हार्डवेअर काय, तर एक प्रेशर सेन्सर आणि एक घड्याळ. दर काही सेकंदांनी दाब वाचायचा, सोळा व्हेरिएबल अपडेट करायचे. एवढंच! कोर्सच्या दुसऱ्या रात्री मी हे चाळीसेक ओळींच्या पायथॉनमध्ये लिहून बघितलं आणि उत्तरं बरीच जवळ आली. (त्या कोडवर विसंबून पाण्यात जाणार नाही, हे सांगायला नको.)

यात एक गोष्ट लपलेली आहे. कॉम्प्युटर तुमच्या रक्तातलं काहीही मोजत नाही. तुम्ही रात्रभर जागलात, पाणी कमी प्यायलात, वय पंचावन्न आहे, यातलं त्याला काही माहीत नाही. म्हणून मॉडेल "ठीक" म्हणत असलं तरी वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात, आणि वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवतात. आणि म्हणूनच दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. तो तुमच्याबरोबर खाली गेलेला असला तरच त्याचा इतिहास तुमचा.

माझं स्मार्टवॉच चालेल का?

घड्याळावर "५ एटीएम" लिहिलं म्हणजे ५० मीटर डाइव्ह करता येतं, असं नाही. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा आहे, पोहण्यापुरता ठीक. डायव्हिंगच्या उपकरणांसाठी ईएन १३३१९ हे वेगळं मानक आहे. अ‍ॅपल वॉच अल्ट्रा त्यात बसतं आणि अ‍ॅप टाकून ४० मीटरपर्यंत वापरता येतं. गार्मिनची डिसेंट मालिका तर खास त्यासाठीच आहे. जीपीएस आणि ब्लूटूथ मात्र खाऱ्या पाण्यात कुणाचंच चालत नाही, रेडिओ लहरी तिथे लगेच विरतात.

सर्दी आणि पस्तीस मिनिटं

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं नाक चोंदलं होतं. फेरीतला एसी असेल किंवा दोन दिवसांचं खारं पाणी. माझ्याकडे नाक मोकळं करायची गोळी होती. वेळापत्रकात एकच दिवस उरला होता, म्हणून गोळी घेऊन गप्प बसायचं ठरवलं. होडीत चढताना इन्स्ट्रक्टरने आवाज ऐकला आणि विचारलं. मी खरं सांगितलं. त्याने मला उतरवलं.

कारण असं: गोळीचा परिणाम खाली असतानाच संपला, तर सायनसमध्ये आणि कानात हवा अडकते. वर येताना ती फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. खाली जाताना कान दुखला तर वर येता येतं. वर येताना दुखला तर कुठे जाणार? हवा तर संपत आलेली असते. फॉर्मवरचे प्रश्न याचसाठी होते.

चौथ्या दिवशी नाक मोकळं होतं आणि उरलेले दोन डाइव्ह एकाच सकाळी करायचे होते. तिसरा १० वाजून ४० मिनिटांनी झाला, उत्तम झाला. मग होडीचं इंजिन बिघडलं. चौथा सुरू व्हायला एक वाजणार, संपायला पावणेदोन. माझं पोर्ट ब्लेअरहून विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१० ला.

विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो, तो २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असल्याइतका कमी होऊ शकतो. ऊतींमधला उरलेला नायट्रोजन तिथे पुन्हा बुडबुडे करू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा बरेच दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. माझे होत होते सतरा तास पंचवीस मिनिटं.

मी हुज्जत घातली. अठरा हा काही निसर्गनियम नाही, फक्त पस्तीस मिनिटांचा फरक आहे, मॉडेल एक्स्पोनेन्शियल आहे म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात फारसं काही घडतच नाही. गणित म्हणून हे चूक नव्हतं. तो म्हणाला, "मग सतराला का थांबायचं? सोळाला जाऊ की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसमध्ये डेडलाइनच्या आदल्या दिवशी टेस्ट वगळा म्हणणाऱ्या मॅनेजरला मी हेच वाक्य ऐकवतो. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, एक दिवस उशिरा ये ना." पण तिकीट बदलायला जेवढे पैसे लागत होते, त्यात कोर्सची अर्धी फी निघाली असती.

तीन डाइव्ह झालेले, कार्ड नाही, अशा अवस्थेत मी बेट सोडलं.

अर्धवट कोर्सचं काय होतं?

वाया जात नाही. पॅडीमध्ये याला रेफरल म्हणतात. झालेल्या धड्यांची नोंद असलेला कागद मिळतो आणि बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या केंद्रावर उरलेला भाग पूर्ण करता येतो. हे मला कोर्स घेताना माहीत नव्हतं. तुमचा वेळ तुटपुंजा असेल तर आधीच विचारून ठेवा. शक्य असेल तर थिअरी घरूनच ऑनलाइन करून जा, आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस सोडून काढा. अंदमानात डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, पावसाळ्यात पाणी गढूळ.

माझा चौथा डाइव्ह पुढच्या फेब्रुवारीत झाला, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी. होडीत दोन उलट्या झाल्या, पाणी अंदमानसारखं निळं नव्हतं. सहा मीटरवर नव्या इन्स्ट्रक्टरने मास्क भरायची खूण केली. मी आधी त्याच्या हाताकडे बघितलं, त्याने पट्टा धरला होता. मग कड दाबली आणि नाकाने श्वास सोडला. वर आलो तेव्हा काट्यावर ९० बार उरले होते.